तपासणीचा आकडा : विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

वार्षिक अहवालात आकड्यांची उणीव कधीच नसते. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, प्रयोगशाळेत किती तपासण्या पार पडल्या, हे सारे कोष्टकांच्या रूपाने आपणांपुढे दरवर्षी येतच असते. परंतु तपासण्या किती झाल्या, यापेक्षा त्या कितपत विश्वसनीय होत्या, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. आणि तो क्वचितच विचारला जातो. अहवाल वर्षात एका रुग्णाच्या मुलाने तो आम्हांस अगदी सरळपणे विचारला. त्याला दिलेले उत्तर आपणां सर्वांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. तो समजण्यास रसायनशास्त्राचे पूर्वज्ञान असण्याची आवश्यकता नाही.

दोन अहवाल, एक प्रश्न

साठ वर्षांच्या एक बाई मधुमेहाच्या उपचारांसाठी गेली काही वर्षे आमच्याकडे नियमित येतात. या वेळी येण्यापूर्वी चार दिवस त्यांनी आपल्या तालुक्याच्या गावी रक्त तपासून घेतले होते. त्या अहवालात क्रिएटिनिनचे प्रमाण दर डेसिलिटरला १.४ मिलिग्रॅम होते. आमच्या प्रयोगशाळेत तेच प्रमाण १.१ निघाले. मुलाने दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, आई एकच, रक्तही तिचेच. मग यांतला खरा आकडा कोणता?"

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नित्य व्यापारातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. या प्रमाणावरून, वय व लिंग लक्षात घेऊन, मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज बांधता येतो. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला, तर साठ वर्षांच्या स्त्रीची गाळणक्षमता १.१ या आकड्यावरून मिनिटाला सुमारे ५७ मिलिलिटर येते आणि १.४ या आकड्यावरून सुमारे ४३. बाई मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत होत्या. गाळणक्षमता ४५ च्या खाली गेली तर या औषधाच्या मात्रेचा फेरविचार करावा लागतो आणि ३० च्या खाली गेली तर ते थांबवावे लागते. म्हणजे एक कागद सांगत होता, औषध आहे तसे चालू ठेवा; दुसरा सांगत होता, मात्रा कमी करण्याचा विचार करा. फरक अवघा ०.३ चा, परंतु उपचाराची सीमारेषा नेमकी त्या फरकातूनच जात होती.

अचूकता आणि सातत्य

कोणतेही मापन दोन प्रकारे चुकू शकते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वाण्याच्या दुकानातील दोन काटे डोळ्यांपुढे आणावेत. पहिल्या काट्यावर एक किलो साखर दहा वेळा ठेवली, तर तो दहाही वेळा ९५० ग्रॅम दाखवतो. दुसरा काटा कधी ९४०, कधी १०५०, कधी १०१० असे दाखवतो. दहा मापांची सरासरी काढली तर ती मात्र एक किलोच्या आसपास येते. पहिल्या काट्यात सातत्य आहे, पण अचूकता नाही. दुसऱ्यात सरासरीची अचूकता आहे, पण सातत्य नाही. गिऱ्हाईक एकदाच साखर घेते, दहा वेळा नव्हे. म्हणून दुसरा काटाही त्याच्या उपयोगाचा नाही. रुग्णाचे रक्तही बहुधा एकदाच तपासले जाते. यास्तव प्रयोगशाळेला दोन्ही गुण एकाच वेळी सांभाळावे लागतात.

या दोन चुकांवरील उपायही भिन्न आहेत. सतत एकाच दिशेने होणारी चूक शोधून दुरुस्त करता येते. इकडेतिकडे होणारी चूक पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. ती मोजून मर्यादेत ठेवता येते. म्हणूनच जबाबदार प्रयोगशाळा आपले मापन कधीच चुकत नाही, असे म्हणत नाही. आपली चूक किती आहे, हे तिला ठाऊक असते.

यंत्र नेमके काय मोजते?

क्रिएटिनिन रक्तात दिसत नाही. त्यावर एखादे रसायन घालून रंग उत्पन्न करावयाचा आणि तो रंग किती गडद आला, हे यंत्राने मोजावयाचे, असा प्रघात आहे. माक्स याफे या जर्मन संशोधकाने १८८६ साली असे दाखवून दिले की, अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्ल घातले असता क्रिएटिनिनमुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ही पद्धत जगभर वापरात आहे. कारण ती स्वस्त आहे आणि कोणत्याही यंत्रावर सहज बसते.

तिची उणीव अशी की, हा रंग केवळ क्रिएटिनिनमुळेच येतो असे नाही. रक्तातील प्रथिने, साखर, मधुमेहाच्या विकोपात वाढणारी कीटोन द्रव्ये आणि सेफॉक्सिटिनसारखी काही प्रतिजैविके यांमुळेही तसाच रंग येतो. त्यामुळे ही पद्धत तिच्या मूळ स्वरूपात वापरली, तर निरोगी माणसाचाही आकडा सुमारे ०.२ ते ०.३ ने अधिक येतो. उलट कावीळ झालेल्या रुग्णाच्या रक्तातील बिलिरुबिनमुळे तो प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. मूत्रपिंडे बिघडलेली असताना कागदावर ती ठीक दिसण्याचा धोका तेथे असतो.

दुसरी पद्धत विकरांची, म्हणजे एन्झाइमची आहे. तीत विकरे प्रामुख्याने क्रिएटिनिनवरच क्रिया करीत असल्याने अशी सरमिसळ पुष्कळ कमी होते. तथापि तीही निर्दोष नाही. अतिदक्षता विभागात डोपामिन किंवा डोब्युटामिन ही औषधे शिरेतून चालू असतील आणि त्याच नळीतून रक्त घेतले गेले असेल, तर या पद्धतीचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. शिवाय तिची रसायने याफेच्या पद्धतीपेक्षा कित्येक पटींनी महाग पडतात. सर्व प्रसंगी सर्वोत्तम ठरेल अशी पद्धत नसते. कोणती पद्धत कोणत्या प्रसंगी फसते, हे जाणणे ही प्रयोगशाळेची खरी विद्या होय.

नव्या पद्धतीची पारख

नवी पद्धत किंवा नवे यंत्र आले की, रुग्णांचे नमुने त्यावर लावण्यापूर्वी त्याची रीतसर परीक्षा घ्यावी लागते. या परीक्षेचे भाग थोडक्यात असे:

पहिली परीक्षा सातत्याची. एकच नमुना वीस दिवस, दररोज दोन वेळा आणि प्रत्येक वेळी दुहेरी तपासतात. अशा ऐंशी मापनांवरून आकडे सरासरीपासून किती दूर पसरतात, ते कळते. या पसाऱ्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात.

दुसरी परीक्षा भर घालण्याची. नमुन्यात १.० क्रिएटिनिन असेल आणि त्यात आणखी १.० एवढे शुद्ध क्रिएटिनिन मिसळले, तर उत्तर २.० यावयास हवे. ते १.८ आले, तर मिसळलेल्यापैकी केवळ ऐंशी टक्केच पदार्थ पद्धतीला सापडला, असा त्याचा अर्थ.

तिसरी परीक्षा अडथळ्यांची. काविळीचे पिवळे, चरबीने दुधाळ झालेले आणि तांबड्या पेशी फुटून लालसर झालेले नमुने मुद्दाम तपासून उत्तर कितपत ढळते, ते पाहतात.

चौथी परीक्षा व्याप्तीची. पद्धत किती कमी प्रमाणापर्यंत ओळखू शकते आणि किती मोठ्या प्रमाणापर्यंत तिचा हिशेब सरळ चालतो, हे ठरवतात. त्यापलीकडचा नमुना विरल करूनच तपासावा लागतो.

पाचवी परीक्षा तुलनेची. लहान-मोठ्या सर्व प्रमाणांचे किमान ४० रुग्णांचे नमुने जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी तपासतात. येथे एका फसगतीपासून सावध राहावे लागते. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांबरोबर चढतात आणि उतरतात, एवढ्यावरून त्या जुळतात असे समजण्याची चूक पूर्वी पुष्कळांकडून होत असे. समजा, एक पद्धत प्रत्येक वेळी दुसरीच्या बरोबर दुप्पट आकडा देते. दोहोंमधील सहसंबंध परिपूर्ण दिसेल. परंतु एकीचे उत्तर साफ चुकीचे असेल. ब्लँड आणि ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निदर्शनास आणले आणि त्याऐवजी प्रत्येक नमुन्यातील फरक मांडून पाहण्याची साधी रीत सुचवली. आज तीच सर्वत्र रूढ आहे.

अखेरीस निर्णय करावयाचा असतो. १९७४ साली वेस्टगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, एका दिशेची चूक आणि पसाऱ्याची चूक वेगवेगळ्या तपासून भागणार नाही. दोहोंची बेरीज रुग्णाच्या उपचाराला सहन होईल एवढीच आहे ना, हे पाहिले पाहिजे. रसायनशास्त्राच्या कसोटीला येथे वैद्यकाची कसोटी जोडली गेली.

वजनामागचे वजन

दुकानदाराच्या वजनावर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाची मुद्रा असते. निरीक्षकाचे वजन त्याहून वरच्या दर्जाच्या वजनाशी ताडलेले असते आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जाते. वजन खरे ठरते ते या अखंड साखळीमुळे.

रक्तातील पदार्थांच्या मापनालाही अशीच साखळी असावी लागते. क्रिएटिनिनच्या बाबतीत तिच्या वरच्या टोकाला अतिशय खर्चिक अशी एक संदर्भपद्धती आहे. तीत जड समस्थानिक असलेले क्रिएटिनिन ठरावीक प्रमाणात नमुन्यात मिसळतात आणि वस्तुमान वर्णपटमापी या यंत्राने दोन्ही क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढतात. या पद्धतीने प्रमाणित केलेले मानवी सीरम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००७ साली उपलब्ध करून दिले. रसायने बनविणाऱ्या कंपन्या आपली मापद्रव्ये, म्हणजे कॅलिब्रेटर, या साखळीशी जोडू लागल्या. याफेच्या पद्धतीतही योग्य वजावट करून तिचा आकडा संदर्भपद्धतीच्या जवळ आणता येतो. मात्र सर्व रसायने व सर्व यंत्रे या साखळीत आलेली नाहीत. गाळणक्षमतेचे सूत्र साखळीशी जोडलेल्या आकड्यांवरच बेतलेले आहे. साखळीबाहेरचा आकडा त्यात घातला, तर हिशेब बरोबर होईल, पण उत्तर चुकीचे येईल.

दररोजची परीक्षा

पद्धत एकदा पारखून घेतली म्हणजे काम संपले, असे नाही. रसायने जुनी होतात, यंत्रातील दिवा क्षीण होतो, वीज गेली की शीतकपाटाचे तापमान चढते. म्हणून दररोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांपूर्वी कंट्रोल सीरम तपासले जाते. याचे उत्तर आधीच ठाऊक असते. परीक्षा यंत्राची असते.

या रोजच्या उत्तरांचा आलेख काढण्याची कल्पना मुळात रुग्णालयातील नव्हे, कारखान्यातील आहे. दूरध्वनीची उपकरणे बनविताना माल एकसारखा निघावा, यासाठी वॉल्टर शेवहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख सुचवला. हेच शेवहार्ट पुढे १९४७-४८ मध्ये प्राध्यापक महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतात येऊन गेले. १९५० साली लेव्ही व जेनिंग्ज यांनी हा आलेख वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

समजा, कंट्रोलची सरासरी ४.० आणि प्रमाण विचलन ०.१ आहे. आलेखावर ४.० ची मध्यरेषा, दोन विचलनांवर म्हणजे ३.८ व ४.२ वर इशाऱ्याच्या रेषा आणि तीन विचलनांवर म्हणजे ३.७ व ४.३ वर मनाईच्या रेषा आखतात. सारे सुरळीत असतानाही निव्वळ योगायोगाने वीसांतून सुमारे एक मापन इशाऱ्याची रेषा ओलांडते. म्हणून तेवढ्याने काम थांबवत नाहीत. मनाईची रेषा ओलांडण्याचा योगायोग मात्र हजारांत तीनदाच घडतो, म्हणून तेथे थांबावेच लागते. वेस्टगार्ड यांनी १९८१ साली याला आणखी नियम जोडले. लागोपाठ दोन मापने एकाच बाजूची इशारारेषा ओलांडून गेली, किंवा लागोपाठ दहा मापने मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडली, तरीही काहीतरी बिघडले आहे, असे समजावयाचे.

अहवाल वर्षात या शेवटच्या नियमाचा आम्हांस प्रत्यक्ष अनुभव आला. पावसाळ्यातील एका सकाळी क्रिएटिनिनच्या आलेखावर लागोपाठ दहावा बिंदू मध्यरेषेखाली पडल्याचे आमच्या तंत्रज्ञ भगिनीच्या लक्षात आले. एकही बिंदू इशाऱ्याच्या रेषेबाहेर नव्हता. तरीही त्यांनी त्या सकाळचे सत्तावीस अहवाल रोखून धरले. खिडकीपाशी नातेवाइकांची गर्दी झाली, काहींनी रागाने बोलही लावले. तो राग आम्ही समजू शकतो. बाहेरगावाहून आलेल्या माणसाची बस चुकते, रोज बुडतो. शोध घेता कारण असे निघाले की, कॅलिब्रेटरच्या कुपीचे झाकण नीट बसले नव्हते. त्यातील पाणी हळूहळू उडून द्रावण घट्ट झाले होते. घट्ट द्रावणाला यंत्र जुनाच आकडा धरून चालले होते. परिणामी सर्वच उत्तरे किंचित कमी येत होती. नवी कुपी उघडून तपासणी पुन्हा केली आणि अहवाल दुपारी दिले. आधीच्या दिवसांतील जपून ठेवलेल्या नमुन्यांपैकी उपचाराच्या सीमारेषेजवळ असलेले नमुनेही आम्ही पुन्हा तपासले. उपचार बदलावा एवढा फरक एकातही निघाला नाही, हे नमूद करताना समाधान वाटते. परंतु झाकण आणखी आठवडाभर तसेच राहिले असते, तर असे म्हणता आले असते की नाही, याची खात्री देता येत नाही. त्या दिवसापासून कुपी उघडल्याची तारीख व झाकण तपासणाऱ्याची सही यांची नोंद वहीत ठेवली जाते.

बाहेरचा परीक्षक

स्वतःच प्रश्न काढावा आणि स्वतःच उत्तर तपासावे, एवढ्याने भागत नाही. १९४७ साली बेल्क व संडरमन या अमेरिकी डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना त्यांनी एकसारखेच नमुने पाठवले होते. परत आलेल्या उत्तरांत एवढी तफावत होती की, वैद्यकीय क्षेत्राला धक्का बसला. बाह्य गुणवत्ता परीक्षणाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते.

आपल्या देशात जीवरसायन तपासण्यांसाठी असे परीक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा विभाग भारतीय क्लिनिकल बायोकेमिस्ट संघटनेच्या सहकार्याने चालवतो. उत्तर न सांगता नमुने पाठवले जातात. सहभागी प्रयोगशाळा आपापली उत्तरे कळवतात. एकच पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कोठे आहोत, हे नंतर कळते. प्रयोगशाळांना मान्यता देण्याचे कार्य एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था करते. त्यासाठी वापरले जाणारे आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम २००३ साली निघाले आणि २०२२ साली त्याची चौथी आवृत्ती आली. मान्यता ऐच्छिक असली, तरी बाहेरच्या परीक्षकापुढे वही उघडी ठेवण्याची तयारी हेच तिचे सार आहे.

परीक्षेचा मापदंडही काळाबरोबर कठोर होत आहे. अमेरिकेत अशा बाह्य परीक्षणात क्रिएटिनिनसाठी ०.३ किंवा १५ टक्के, यांपैकी मोठी असेल तेवढी चूक वर्षानुवर्षे क्षम्य धरली जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा ०.२ किंवा १० टक्के अशी करण्यात आली. त्या मुलाने टेबलावर ठेवलेल्या दोन कागदांमधील फरक ०.३ एवढाच होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर होणाऱ्या चुका

यंत्र कितीही चोख असले, तरी त्याच्यापर्यंत आलेला नमुनाच सदोष असेल तर काय करावे? इटलीतील पादुआ येथील रुग्णालयात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०,४९० तपासण्यांमध्ये १८९ चुका आढळल्या. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रावर चढण्यापूर्वीच झालेल्या होत्या.

हे कसे घडते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. साध्या नळीत घेतलेले रक्त वेगळे न करता तसेच ठेवले, तर पेशी त्यातील साखर खात राहतात आणि साखरेचे प्रमाण तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी घटते. सकाळी गावात घेतलेले रक्त दुपारी शहरात पोहोचले, तर मधुमेह झाकला जाऊ शकतो. करड्या टोपणाच्या नळीतील फ्लोराइड ही घट थांबवते. परंतु तिचा पूर्ण परिणाम होण्यास तास-दोन तास लागतात, म्हणून तेथेही दिरंगाई चालत नाही. दुसरे उदाहरण पोटॅशियमचे. रक्त ओढताना पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. आमची माणसे कधीकधी दुसऱ्यांदा रक्त मागतात, ते यासाठीच. पहिला नमुना हरवला, असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नये.

काही वेळा नमुना उत्तम, मापनही उत्तम आणि तरीही आकडा दिशाभूल करतो. एचबीए-वन-सी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते; पण तिचा आधार तांबड्या पेशींचे सुमारे १२० दिवसांचे आयुष्य हा आहे. सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, तेव्हा हा आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात तो वाढलेला दिसू शकतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथील रुग्णांच्या बाबतीत हा विचार मनात ठेवावाच लागतो.

त्या मुलाला दिलेले उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमचाच आकडा खरा, असे सांगून त्या मुलाची बोळवण करणे सोपे होते. परंतु ते उत्तर नव्हे, आग्रह झाला असता. बाईंच्या संमतीने पुन्हा रक्त घेऊन त्याचे दोन भाग केले. एक आमच्या यंत्रावर लावला आणि दुसरा त्याच दिवशी तालुक्याच्या त्या प्रयोगशाळेत पाठवला. तेथील तंत्रज्ञांनी मोकळेपणाने सहकार्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. उत्तरे पुन्हा १.१ आणि १.४ अशीच आली. चार दिवसांत आईच्या प्रकृतीत काही बदल झाला नव्हता. फरक पद्धतीचा होता. त्यांच्याकडे याफेची मूळ पद्धत होती, आमच्याकडे संदर्भ-साखळीशी जोडलेली विकरांची.

मुलाला आम्ही सांगितले, "दोन्ही ठिकाणी काम प्रामाणिकपणेच झाले आहे. पण गाळणक्षमतेच्या सूत्रात साखळीशी जोडलेला आकडाच घालावा लागतो, म्हणून औषधाचा निर्णय १.१ वरून करू." मागील दोन वर्षांचे आमच्याकडील आकडे १.० ते १.१ असेच होते, याचाही आधार होता. मेटफॉर्मिन पूर्ववत चालू राहिले. तथापि सारे आलबेल आहे, असेही आम्ही म्हटले नाही. ५७ ही गाळणक्षमता ६० हून कमीच आहे आणि तीन महिन्यांनंतरही ती तशीच राहिली, तर मूत्रपिंडांचा जुनाट विकार म्हणून तिची दखल घ्यावी लागते. म्हणून लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी व तीन महिन्यांनी फेरतपासणी सुचवली.

त्याने जाताना आणखी एक प्रश्न विचारला. "पुढच्या वेळी १.२ आले, तर घाबरावे का?" याचेही उत्तर हिशेबाने देता येते. निरोगी माणसाचे क्रिएटिनिन दिवसागणिक सुमारे पाच टक्क्यांनी वरखाली होत असते. त्यात मापनाचे सुमारे तीन टक्के विचलन धरले, तर दोन आकड्यांत साधारण १६ टक्क्यांहून अधिक फरक पडल्याशिवाय खरोखर बदल झाला, असे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे १.१ चे १.२ होणे हा स्वाभाविक चढउतार असू शकतो, १.३ झाले, तर मात्र लगेच यावे. आणि तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करावी.

देणगीदारांस व नातेवाइकांस निवेदन

नवे यंत्र आले की त्याचे उद्घाटन होते, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु कंट्रोल सीरम, कॅलिब्रेटर, बाह्य परीक्षणाची वर्गणी, पुन्हा केलेल्या तपासण्यांचा खर्च यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. या तपासण्यांचे रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही आणि त्यांचे अहवाल कोणाच्या हाती पडत नाहीत. हा खर्च वाचवला, तर वर्षभर कोणाच्या लक्षातही येणार नाही; आणि नेमके म्हणूनच तो वाचवता कामा नये. ज्या दात्यांनी आपली देणगी 'रुग्णालयाच्या गरजेनुसार वापरावी' असे लिहून दिली, त्यांच्या दानातील वाटा या न दिसणाऱ्या कामी लागला आहे. त्या पावसाळी सकाळी सत्तावीस अहवाल थांबवण्याचे धैर्य त्यातूनच आले.

नातेवाइकांस विनंती अशी की, अहवाल हाती आला की केवळ ठळक छापलेला आकडा पाहून घाबरू नये अथवा निर्धास्तही होऊ नये. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, मागील आकडा काय होता आणि ही प्रयोगशाळा बाह्य परीक्षणात भाग घेते काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ते आमच्या खिडकीवरही विचारावेत. त्यांचे उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आणि एखाद्या दिवशी अहवालास उशीर झाला, तर त्यामागेही असाच एखादा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारलेला असू शकेल, एवढे ध्यानी असू द्यावे.

प्रयोगशाळा विभाग